भांडी संपली, तेल थांबले

बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, एका विधवेची गोष्ट आहे. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यमंडळातला, देवाला भिऊन वागणारा माणूस. तो गेला आणि मागे कर्ज तेवढे राहिले. सावकार दारात येऊन बसला. पैसे नसतील तर दोन्ही मुलगे गुलाम म्हणून घेऊन जातो म्हणाला. बाई अलीशा संदेष्ट्याकडे धावली. घरात काय आहे, असे त्याने विचारले. काही नाही, तेलाचे एक भांडे तेवढे आहे, असे तिने सांगितले. तेव्हा तो म्हणाला, की जा आणि सगळ्या शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, मागताना हात आखडू नकोस. मग दार लावून घे आणि ओतायला लाग.

तिने तसे केले. मुले भांडी पुढे सरकवीत होती, ती ओतीत होती. एक भरले, दुसरे भरले, दहावे भरले. शेवटी तिने आणखी एक भांडे मागितले, तर मुलगा म्हणाला, आता एकही उरले नाही. त्या क्षणी तेल थांबले. मग तिने तेल विकले, कर्ज फेडले आणि उरल्या पैशावर मायलेकरे जगली.

गोष्ट एवढीच. लहान मुलांना सांगावी अशी. पण यहुदी गूढवाद्यांनी, म्हणजे ‘कब्बाला’ नावाची विद्या मानणाऱ्यांनी, या गोष्टीत दोन मर्मे पाहिली. पहिले हे, की तेल शून्यातून आले नाही. घरात अगोदरचे थोडे तेल होते, त्याच्यावरच बरकत उतरली. वनपर्वातल्या द्रौपदीच्या थाळीला चिकटून राहिलेले भाजीचे पान आपल्याला आठवते, त्यातलाच हा प्रकार. दुसरे मर्म अधिक खोल आहे. तेल थांबले ते वरचा साठा आटला म्हणून नव्हे. खालची भांडी संपली म्हणून ते थांबले.

देवाकडून माणसाकडे समृद्धी कशी येते आणि कधीकधी ती का येत नाही, या प्रश्नाचा कब्बालाने सात-आठशे वर्षे पाठपुरावा केला. त्याचे उत्तर म्हणजे या दोन मर्मांचा विस्तार आहे, असे मला वाटते. त्या विस्ताराचाच हा थोडासा इतिहास.

समृद्धीच्या या अवतरणाला हिब्रूत ‘शेफा’ म्हणतात. शब्द जुना, पण त्याला तत्त्वज्ञानाचा रंग चढला तो बाराव्या-तेराव्या शतकात. अरबी तत्त्वज्ञ ‘फैज’ असा शब्द वापरीत. ईश्वरातून विश्वाकडे अखंड ओसंडणारा प्रवाह, असा त्याचा अर्थ. थोर यहुदी पंडित मैमोनिदीस (११३८–१२०४) याने आपल्या ‘गोंधळलेल्यांचा वाटाड्या’ या अरबीतल्या ग्रंथात ही कल्पना घेतली आणि तिला पाण्याच्या झऱ्याची उपमा दिली. झरा कोणा एकासाठी वाहत नाही. तो सर्व बाजूंनी उसळतो, जवळचे भिजते आणि दूरचेही भिजते. १२०४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या शमुएल इब्न तिब्बोन याने या ग्रंथाचे हिब्रू भाषांतर पुरे केले, आणि ‘शेफा’ हा शब्द विद्वानांच्या तोंडी रुळला.

पण तत्त्वज्ञांचा हा झरा वाहत होता तो मुख्यतः बुद्धीच्या वाटेने. ज्याची बुद्धी शिकून सवरून तयार झाली, त्याला त्याचा लाभ. मग रोज दुकान उघडणाऱ्याने, पीठ मळणाऱ्या बाईने, शब्बाथला दिवा लावणाऱ्या आजीने काय करावे? त्यांच्या प्रार्थनेने वर काही हलते, की ती नुसतीच हवेत विरते? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आणि त्याच दक्षिण फ्रान्समध्ये, प्रोव्हान्स प्रांतात, बाराव्या शतकाच्या अखेरीस काही माणसे त्याचे वेगळे उत्तर शोधू लागली होती.

त्यांच्या हाती ‘बाहीर’ नावाचा एक लहानसा, तुटक वाक्यांचा ग्रंथ होता. त्यात झरे होते, झाड होते, पाणी खेळवणारे पाट होते. या मंडळींतला अग्रणी म्हणजे ‘आंधळा इसहाक’ म्हणून ओळखला जाणारा गुरू. १२३५ च्या सुमारास तो वारला. त्याच्या परंपरेचे लोण पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनच्या ईशान्येला गिरोना नगरात पोचले. ही विद्या कानात सांगण्याची, चार लोकांत बोलण्याची नव्हे, असा त्याचा कटाक्ष असे. गिरोनातले काही उत्साही शिष्य तिची उघड वाच्यता करतात हे कळताच त्याने पत्र लिहून तीव्र नापसंती कळवली. एकदा लिहिले की ते कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही, ही त्याची भीती. ही भीती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

या मंडळींचा सिद्धांत समजावून घ्यायला आपल्याकडची मोट डोळ्यांपुढे आणावी. मोटा आता गेल्या, पण त्यांची आठवण अजून गेलेली नाही. मोट रिती झाली की पाणी एकदम पिकात पडत नाही. आधी ते थारोळ्यात पडते, थारोळ्यातून पाटात जाते आणि पाटातून वाफ्यात शिरते. वाफ्याला विहीर दिसत नाही. त्याला दिसते ती पाटाची शेवटची ओली कड. कब्बालाचा परमेश्वरही असाच, मुळात अदृश्य. त्याला ते ‘एन सोफ’ म्हणजे अनंत म्हणतात. त्याच्याविषयी काही बोलता येत नाही, त्याला उद्देशून मागताही येत नाही. पण त्याचा प्रवाह दहा पायऱ्यांनी खाली येतो. त्या दहांना ‘सेफिरोत’ म्हणतात.

दहाही नावे पाठ करण्याची गरज नाही, पण क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. सर्वांत वर मुकुट, म्हणजे केवळ संकल्प. मग प्रज्ञा, एखाद्या बिंदूसारखी. मग समज, जिच्यात तो बिंदू आईच्या पोटातल्या गर्भासारखा आकार घेतो. त्याखाली दोन बाजूंना दोन शक्ती. उजवीकडे ‘हेसेद’ म्हणजे कृपा, डावीकडे ‘गेवुरा’ म्हणजे निग्रह. कृपेला थांबणे ठाऊक नाही, निग्रहाला देणे ठाऊक नाही. नुसती कृपा असती तर जग पुरात वाहून गेले असते आणि नुसता निग्रह असता तर ते करपले असते. पाटाला काठ नसतील तर पाणी रानोमाळ होते आणि नुसतेच काठ असतील तर तो कोरडा चर राहतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. या दोघांचा मेळ मधल्या ‘शोभा’ नावाच्या स्थानी बसतो. त्याखाली जय आणि वैभव, मग पाया, आणि सर्वांत शेवटी ‘मालखुत’ म्हणजे राज्य.

हे मालखुत मोठे मननीय आहे. कब्बाला त्याला समुद्र म्हणते, कारण सगळ्या नद्या त्यात येतात. चंद्र म्हणते, कारण त्याला स्वतःचा प्रकाश नाही. त्याला स्त्रीरूपात पाहते आणि ‘शेखिना’ म्हणते, म्हणजे माणसांच्या वस्तीत राहणारे देवाचे सान्निध्य. वरच्या नऊ स्थानांचे सारे धन तिच्या पदरात पडते, आणि तिचे स्वतःचे त्यात काही नसते. तिच्याकडे जे आहे ते खाली वाटण्यासाठी. खाली घेणारे कोणी नसेल तर तिचा चंद्र क्षीण होतो. देवाच्या दहा पायऱ्यांपैकी माणसाला सर्वांत जवळची पायरी सर्वांत गरीब ठरावी, यात मला या लोकांच्या प्रतिभेची खरी ओळख पटते.

गिरोनाच्या नाखमानिदीसने (११९४–१२७०) आपल्या तोरा-भाष्यात, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथावरील टीकेत, अलीशाच्या तेलाची गोष्ट मुद्दाम आणली. मंदिरात देवापुढे भाकरी ठेवण्याचे एक मेज असे. ते कशासाठी, असा प्रश्न घेऊन त्याने उत्तर दिले, की सृष्टी एकदा शून्यातून झाली, त्यानंतर देवाची बरकत शून्यावर उतरत नाही. तिला टेकायला काहीतरी लागते. मेजावर चार भाकरी असतील तर त्यांच्यावर ती उतरते आणि तिथून साऱ्या देशात पसरते. पुढे हाच विचार घराघरांत शिरला. शब्बाथच्या दिवशी जेवणाचे मेज अगदी रिकामे ठेवू नये, भाकरीचा एखादा तुकडा तरी त्यावर राहू द्यावा, असे सांगितले गेले. हिब्रूत आशीर्वादाला ‘बराखा’ म्हणतात आणि तळ्याला ‘ब्रेखा’. अक्षरे तीच. भाकरी मोडण्यापूर्वी जो यहुदी माणूस आशीर्वचन म्हणतो तो नुसता देवाचे आभार मानीत नाही, तो तळ्याचे दार उघडतो, असा अर्थ या मंडळींनी त्यातून काढला. पीठ मळणाऱ्या बाईच्या प्रश्नाला हे उत्तर होते.

तेराव्या शतकाच्या शेवटी मध्य स्पेनमधल्या कास्तिल प्रांतात ही विद्या ऐन बहरात आली. योसेफ जिकातिला याने ‘प्रकाशाची द्वारे’ हा ग्रंथ लिहिला. खालच्या पायरीपासून वर नेणारा तो एक वाटाड्याच आहे. पाट कुठे फुटतात, पाणी भलतीकडे कसे वळते, तळे कोरडे कसे पडते, हे त्याने एखाद्या पाटकऱ्याच्या बारकाईने सांगितले आहे. त्याच काळात ‘झोहर’ म्हणजे ‘तेज’ नावाचा महाग्रंथ वहीवहीने बाहेर येऊ लागला.

आशीर्वाद खाली येण्यासाठी आधी खालून काही वर जावे लागते, हे झोहरचे आवडते सूत्र. पृथ्वीवरून आधी वाफ निघते, मग ढग भरतो, मग पाऊस पडतो. आकाश पहिल्याने हलत नाही. याला ते ‘खालची जाग’ म्हणतात. त्याहून जुनी एक उपमा तालमुदात आहे. रोमन तुरुंगात पडलेला राब्बी अकिवा आपल्या शिष्याला सांगतो, की वासराला जेवढी दूध पिण्याची ओढ असते त्याहून गाईला पाजण्याची ओढ अधिक असते. ही उपमा कब्बालाच्या मंडळींनी उचलली नसती तरच नवल. मराठी माणसाला तर ती सांगावीच लागत नाही. ‘शेफा’ या शब्दाला मराठीत अगदी चपखल शब्द शोधायचा झाला तर तो ‘पान्हा’ हाच. गाय भरलेली असते, ओढ तिलाच अधिक असते. पण वासराची ढुशी लागल्यावाचून पान्हा सुटत नाही.

तुरुंगात ती उपमा ऐकणारा शिष्य म्हणजे गालीलचा शिमोन बार योहाय. झोहर त्याच्याच नावावर आहे. वस्तुतः तो शिमोननंतर हजारावर वर्षांनी कास्तिलमध्ये लिहिला गेला, आणि त्यात मोझेस दे लेओन नावाच्या पंडिताचा हात सर्वांत मोठा होता, हे विसाव्या शतकात गेर्शोम शोलेम या संशोधकाने भाषेच्या पुराव्यांनी दाखवून दिले. त्या कामात दे लेओनचे मित्रही सहभागी असावेत, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे.

या दे लेओनची अखेर मला चटका लावून जाते. १३०५ साली घरी परततांना वाटेत आरेवालो गावी तो वारला. अक्को शहराचा इसहाक नावाचा एक विद्वान त्याच सुमारास झोहरचे मूळ हस्तलिखित शोधीत स्पेनमध्ये आला होता. त्याने कानांवर आलेली हकीकत टिपून ठेवली, आणि ती पुढे एका इतिहासग्रंथात टिकली. दे लेओनने पुष्कळ कमावले आणि तितकेच उडवले, मागे बायको आणि मुलगी निष्कांचन राहिल्या. आविला गावच्या एका धनिकाने त्या विधवेला सांगून पाठवले, की मूळ प्राचीन पोथी दे, माझ्या मुलासाठी तुझी मुलगी करून घेतो. तेव्हा ती बिचारी शपथेवर म्हणाली, की पोथी कुठली! तो आपल्या डोक्यातूनच लिहीत होता. माझे म्हणून सांगितले तर कोण पैसे देईल, असे म्हणत होता.

ही हकीकत तिसऱ्या तोंडून आलेली आहे, तिच्या शब्दाशब्दावर पंडितांनी वाद घातला आहे. पण चित्र पाहा. धर्मविद्येत आयुष्य घालवलेला नवरा मेलेला, घरात काही नाही, आणि दारात हिशेब घेऊन उभा असलेला जगाचा माणूस. ही तर अलीशाकडे धावत गेलेल्या त्या बाईचीच गोष्ट! स्वर्गातून समृद्धी कशी ओघळते हे ज्याने आयुष्यभर लिहिले त्याच्या घरी भांडे पालथे होते. या विसंगतीला हसणे सोपे आहे. मला मात्र असे वाटते, की ज्याच्या घरी भरलेले रांजण असतात तो तेलाविषयी इतके लिहीत बसत नाही.

शाळेत आम्ही मुलांकडून १४९२ हे साल कोलंबसासाठी पाठ करून घेतो. त्याच वर्षी स्पेनच्या राजाराणीने आपल्या राज्यातल्या सर्व यहुद्यांना फर्मान काढले, की बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. शेकडो वर्षांची घरे, द्राक्षमळे, दुकाने टाकून माणसे बंदरांकडे निघाली. पाट फुटणे म्हणजे काय हे आता ग्रंथात वाचण्याची गरज उरली नाही. देव देणाराच असेल, झरा अखंडच असेल, तर हे काय झाले? आपल्या पापाने झाले, हे जुने उत्तर होतेच. पण पापाच्या मानाने शिक्षा फार मोठी होती.

नवे उत्तर मिळाले ते गालीलच्या डोंगरातल्या सफेद नावाच्या गावात. १५१६ पासून तो मुलूख तुर्कांच्या अमलाखाली आला होता. हद्दपार झालेली पुष्कळ घराणी तिथे येऊन लोकरीचे कापड विणण्याच्या धंद्यावर जगत होती. त्या लहानशा डोंगरगावात एका पिढीत किती मोठी माणसे होती! यहुदी धर्मशास्त्राचा प्रमाणग्रंथ लिहिणारा योसेफ कारो तिथलाच. शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी पांढरे कपडे घालून शेतात जात आणि येणाऱ्या शब्बाथला वधूसारखी सामोरी जाऊन घरी आणीत.

त्यांतला मोझेस कोर्दोवेरो (१५२२–१५७०) याने साऱ्या जुन्या कब्बालाची नीट मांडणी केली. दहा सेफिरोत म्हणजे दहा देव की काय, या आक्षेपाला त्याने दिलेला दाखला आजही वर्गात सांगावा असा आहे. रंगीबेरंगी काचेच्या भांड्यांत पाणी ओता. पाणी तांबडे, हिरवे, पिवळे दिसेल, पण पाण्याला रंग नाही. त्याने एक लहानसा नीतिग्रंथही लिहिला. देवाचे वागणे माणसाने कसे उचलावे, हा त्याचा विषय. त्यातला पहिलाच धडा असा, की माणूस पाप करीत असतो त्या क्षणीसुद्धा त्याच्या हाताला बळ देवच पुरवीत असतो. हात उगारला म्हणून देव त्या हाताचे बळ काढून घेत नाही. तेव्हा तुझ्याशी वाईट वागणाऱ्याचे अन्न तूही तोडू नकोस. फर्मानाने देशोधडीला लागलेल्या लोकांमध्ये बसून हे लिहिणे सोपे नव्हते.

कोर्दोवेरो वारला त्याच वर्षी, १५७० मध्ये, इसहाक लुरिया हा तरुण इजिप्तहून सफेदला आला. इजिप्तमध्ये तो मिऱ्यांचा व्यापार करी. त्याची नोंद कैरोच्या जुन्या कागदपत्रांत सापडली आहे. सफेदला तो जेमतेम दोन वर्षे जगला. १५७२ च्या साथीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, गेला. स्वतः त्याने फारसे काही लिहिले नाही. त्याचे बोलणे हाईम व्हितालने टिपून ठेवले. पण या दोन वर्षांनी कब्बालाचे रूप बदलले.

लुरियाने सांगितलेली कथा थोडक्यात अशी. प्रारंभी अनंताने स्वतःला आवरून घेतले, जगासाठी जागा मोकळी केली. त्या मोकळ्या जागेत प्रकाशाचा झोत सोडला आणि तो धरण्यासाठी भांडी केली. वरच्या तीन भांड्यांनी प्रकाश सोसला. खालची मात्र फुटली. खापऱ्या खाली कोसळल्या आणि प्रत्येक खापरीला प्रकाशाचा एखादा कण चिकटून राहिला. आपले जग त्या खापऱ्यांचे आहे. म्हणजे हद्दपारी केवळ यहुद्यांच्या नशिबी आलेली नाही. देवाचा प्रकाशच हद्दपार झालेला आहे, भाकरीत, दगडात, परक्या देशात अडकून पडलेला आहे. प्रत्येक चांगल्या कृत्याने, प्रत्येक घासाआधीच्या आशीर्वचनाने, माणूस एकेक कण सोडवतो. या डागडुजीला ते ‘तिक्कून’ म्हणतात.

भांडी का फुटली, याची कारणे व्हितालने दिली आहेत. त्यांतले एक मी पुन्हापुन्हा वाचतो. ती भांडी एकाखाली एक, पण सुटीसुटी होती. एकाचा दुसऱ्याशी सांधा नव्हता. प्रत्येक एकेकटे उभे राहून आपल्यापुरता प्रकाश घेऊ पाहत होते. म्हणून तो त्यांना सोसला नाही. डागडुजी झालेल्या जगात तीच सेफिरोत एकमेकांत गुंफलेली असतात, प्रत्येकीत बाकीच्यांचा अंश असतो. घर, गाव, देश गमावलेल्या लोकांनी आपल्या दुःखाची कहाणी देवापर्यंत नेऊन भिडवली आणि तिथून परत येताना मोलकरणीलाही करता येईल असे काम घेऊन आले. इतिहासात असे क्वचित घडते.

पण ज्या विचारात एवढी ताकद, त्यात धोकाही तेवढाच. पाण्याची वाट माणसाच्या हाती आहे म्हटले, की ती माझ्याच हाती आहे असे म्हणणारा कोणी निघतोच. १६६५ साली स्मिर्ना शहराच्या शब्बेताई त्सवीला गाझाच्या नाथानने मसीहा म्हणून जाहीर केले. डागडुजी पुरी होत आली, आता दरवाजे उघडणार, अशी आवई ॲमस्टरडॅमपासून येमेनपर्यंत पसरली. लोकांनी घरे विकली, प्रवासाच्या पेट्या बांधल्या. १६६६ च्या सप्टेंबरात सुलतानासमोर उभे केल्यावर त्याने डोक्यावर तुर्की पागोटे घेतले आणि तो मुसलमान झाला. पेट्या पुन्हा सोडाव्या लागल्या. भाबड्या माणसांच्या घरांत त्या दिवशी काय झाले असेल, याची कल्पनाच करावी.

अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसीदी पंथ निघाला. पोलंड-युक्रेनमधल्या गरीब खेड्यांना त्याने गाणे दिले, नाच दिला, देव जवळ आणून दिला. या पंथाच्या लिझेन्स्कच्या राब्बी एलिमेलेखने (१७१७–१७८७) असे मांडले, की सामान्य माणसाला वरच्या पायऱ्या चढणे जमत नाही, म्हणून ‘त्सादिक’ म्हणजे सत्पुरुष हाच पाट होतो. मुले, आयुष्य आणि भाकरी या तिन्ही गोष्टी तो वरून ओढून लोकांकडे पोचवतो. लोकांनीही त्याला चिठ्ठी लिहून आपली अडचण कळवावी, सोबत चार नाणी ठेवावी. कल्पना वाईट नव्हती. पहिल्या पिढीतले कित्येक सत्पुरुष आलेले पैसे रात्र होण्याआधी गरिबांना वाटून मोकळे होत. पण गादी वंशपरंपरेने चालू लागली आणि पुढे रुझिनचा राब्बी इस्राएल (१७९६–१८५०) यासारख्यांचे वाडे, घोडागाड्या, नोकरचाकर राजेरजवाड्यांच्या तोडीचे झाले. पाट रुंद असेल तर पाणी जास्त येईल, अशी भक्तांची समजूत. पाटाने पाणी आपल्यापाशीच मुरवले तर वाफ्याने काय करावे, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. आपल्याकडच्या मठांना आणि गाद्यांनाही तो विचारून झालेला आहे.

या सगळ्या इतिहासाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल सांगतात. मराठी बोलणारे, किहीमकर-पेणकर अशी गावांची नावे लावणारे हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. झोहर म्हणतो, की सहा दिवसांची सारी बरकत सातव्या दिवसापासून येते, म्हणून त्या दिवशी हात थांबला पाहिजे. कोकणातल्या तेल्यांना झोहर ठाऊक नव्हता. आपल्या बापजाद्यांची चाल एवढेच ते जाणत. पण आठवड्यातून एक दिवस बैल सोडून, कमाई बुडवून, उरलेल्या सहा दिवसांच्या तेलावर विश्वास ठेवणे त्यांना जमत होते.

दुसरा धागा पुण्याचा. पुण्याचे ‘लाल देऊळ’ सर्वांना माहीत आहे. १८६७ साली पुरे झालेले हे प्रार्थनामंदिर डेव्हिड ससूनच्या पैशातून उभे राहिले. तो बगदादहून आलेल्या यहुद्यांपैकी. याच बगदादी समाजातले, आणि थिऑसॉफीकडे ओढा असलेले, अब्राहाम डेव्हिड इझिकिएल यांनी १८८७ मध्ये पुण्यात झोहरच्या एका भागाचे भाषांतर छापले. भाषा यहुद्यांची अरबी, लिपी हिब्रू. बगदादच्या राब्बींनी त्याला कडाडून विरोध केला. गूढ विद्या बाजारात मांडली, हा आरोप. आंधळ्या इसहाकाची साडेसहाशे वर्षांपूर्वीची भीती पुण्याला येऊन पोचली होती!

त्या भागाचे नाव ‘इद्रा झुता’, म्हणजे लहान सभा. शिमोन बार योहायच्या शेवटच्या दिवसाचे ते वर्णन आहे. मरणाच्या दिवशी म्हातारा गुरू शिष्यांना जवळ बसवतो आणि आजवर झाकून ठेवलेले सारे सांगून टाकतो. बोलण्याच्या ओघात तो एका स्तोत्रापाशी येतो. भाऊ एकत्र नांदतात तिथे आशीर्वाद कसा उतरतो, डोक्यावरचे तेल दाढीवरून वस्त्राच्या काठापर्यंत कसे ओघळते, याचे ते स्तोत्र. त्याच्या शेवटच्या ओळीत ‘जीवन’ हा शब्द आहे. तो पुरता उच्चारण्याआधीच त्याचा आवाज थांबतो. लिहून घेणारा शिष्य मान खाली घालून वाट पाहत राहतो. ही विद्या झाकून ठेवावी म्हणणाऱ्यांनी हे पान नीट वाचायला हवे होते. जो जाताना ओंजळ रिती करून गेला, त्याच्याच नावाचा हा ग्रंथ.

मनात एक शंका मात्र राहते. देव जर देणाराच आहे, तर त्याने सरळ का देऊ नये? ढुशीची, भांड्यांची, डागडुजीची ही यातायात कशाला? पदुआच्या मोझेस लुझ्झातो (१७०७–१७४६) याने याचे उत्तर जुन्या ग्रंथांतून घेऊन स्पष्ट केले. कष्टावाचून मिळालेल्या अन्नाला ते ‘शरमेची भाकर’ म्हणतात. मराठीत मिंधेपणाची म्हणता येईल. फुकट जेवणारा वाढणाऱ्याच्या तोंडाकडे वर पाहू शकत नाही. देवाला माणसाने आपल्याकडे वर पाहावे अशी इच्छा आहे, म्हणून तो त्याला काम देतो. विसाव्या शतकात वॉर्सातून यरुशलेमला येऊन राहिलेल्या येहुदा आश्लाग (१८८५–१९५४) याने त्यापुढे पाऊल टाकले. घेण्याची इच्छा हेच माणसाचे भांडे, ती मारता येत नाही आणि मारूही नये, पण देण्यासाठी घेतले तर तेच घेणे देण्याच्या तोलाचे होते, असे त्याने लिहिले. झोहरवर मोठी टीका लिहिणारा हा माणूस स्वतः गरिबीत राहिला.

म्हणून मी पुन्हा त्या विधवेच्या गोष्टीकडे वळतो. तिच्या घरात तेलाचे भांडे एकच होते. बाकी जी भरली ती सगळी शेजाऱ्यांची. तिने चार घरे कमी हिंडली असती, किंवा संकोचून दोनच भांडी मागितली असती, तर तेल तिथेच थांबले असते. शेजाऱ्यांनी नाही म्हटले असते तरीही थांबले असते. तिचे कर्ज फिटले त्यात देवाचा वाटा होता, संदेष्ट्याचा होता, तिच्या पायपिटीचा होता, आणि ज्यांची नावेही ग्रंथात नाहीत अशा त्या गल्लीतल्या बायांचाही होता.

तेल विकून झाल्यावर ती भांडी परत करायला गेली असेल. त्याविषयी ग्रंथात एक अक्षर नाही. आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. त्या बाईनेही थोडेथोडे तेल तळाशी राहू दिले असेल, असे मला वाटते.